शेवटचा २ पुढे आणला की दुप्पट: अठरा अंकी संख्या हाताने कशी मांडायची, तपासायची आणि वापरायची

१०५२६३१५७८९४७३६८४२. या संख्येच्या शेवटचा २ उचलून सगळ्यात पुढे ठेवला की २१०५२६३१५७८९४७३६८४ मिळते, आणि ती मूळ संख्येच्या बरोबर दुप्पट असते. शेवटचा अंक पुढे आणल्यावर दुप्पट होणारी याहून लहान संख्या नाही. एकं, दहं, शतं करत मोजत गेलात तर हिचा पहिला १ थेट परार्धाच्या घरात जाऊन बसतो. भास्कराचार्यांनी स्थानांची अठरा नावं दिली आहेत, त्यातलं हे शेवटचं.

पाठांतराची गरज नाही. दोनाचा पाढा आणि हातचा एवढ्यावर ती दोन मिनिटांत कागदावर उतरते. तिच्या बाकीच्या करामतीही त्याच हातच्यातून निघतात, म्हणून आधी मांडणी पक्की करा.

उजवीकडून डावीकडे

चौकटीची वही घ्या. एका ओळीत अठरा घरं मोकळी सोडा आणि वरची ओळ हातच्यासाठी राखून ठेवा. सगळ्यात उजवीकडच्या घरात २ लिहा. आता नियम एकच: आत्ता लिहिलेल्या अंकाची दुप्पट करा, हातचा असेल तर मिळवा, एकं स्थानचा अंक डावीकडच्या घरात लिहा, दहं स्थानचा १ आला तर तो हातचा.

२ दुणे ४. ४ दुणे ८. ८ दुणे १६, म्हणजे ६ लिहा, हातचा १. ६ दुणे १२ आणि १, तेरा: ३ लिहा, हातचा १. ३ दुणे ६ आणि १, सात: ७, हातचा नाही. ७ दुणे १४: ४, हातचा १. ४ दुणे ८ आणि १: ९. ९ दुणे १८: ८, हातचा १. ८ दुणे १६ आणि १, सतरा: ७, हातचा १. ७ दुणे १४ आणि १, पंधरा: ५, हातचा १. ५ दुणे १० आणि १, अकरा: १, हातचा १. १ दुणे २ आणि १: ३. ३ दुणे ६. ६ दुणे १२: २, हातचा १. २ दुणे ४ आणि १: ५. ५ दुणे १०: ०, हातचा १. शून्य दुणे शून्य आणि १: १, हातचा नाही. १ दुणे २, हातचा नाही. इथे थांबायचं. हा २ लिहायचा नाही, कारण आपण सुरुवातीच्या २ वर परत आलो.

चुका दोनच ठिकाणी होतात, पण त्या हमखास होतात.

पहिली पंधराव्या घरात. तिथे २ येतो आणि फेरा पूर्ण झाला असं वाटून माणूस थांबतो. पण त्या वेळी हातावर १ शिल्लक असतो. थांबण्याची अट 'अंक २ आणि हातचा शून्य' अशी जोडीची आहे, नुसत्या अंकाची नाही. तिथेच थांबलात तर हाती ६३१५७८९४७३६८४२ ही चौदा अंकी संख्या राहते. तिची खरी दुप्पट १२६३१५७८९४७३६८४, आणि २ पुढे नेऊन मिळते २६३१५७८९४७३६८४. पुढचा जो १ कमी पडला, तोच तुम्ही टाकून दिलेला हातचा.

दुसरी सतराव्या घरात. तिथे ० लिहिताना हातचा विसरला की पुढे शून्याची दुप्पट शून्य, मग पुन्हा शून्य, आणि वहीचं पान संपेपर्यंत शून्यंच. शून्यांची रांग दिसली की सरळ या घरावर परत या.

डावीकडून उजवीकडे

ज्यांना लिहिण्याच्या नेहमीच्या दिशेने जायचं आहे त्यांनी निम्मं करत जावं. १ लिहा. १ चं निम्मं ०, बाकी १. ० लिहा आणि बाकी त्याच्याआधी लावून १० वाचा. १० चं निम्मं ५, बाकी नाही. ५ चं निम्मं २, बाकी १, म्हणून १२ वाचा. त्याचं निम्मं ६, मग ३, मग १ आणि बाकी १, म्हणून ११. असं करत २ पर्यंत या. २ चं निम्मं १, बाकी शून्य, म्हणजे फेरा पूर्ण. बाकी नुकत्याच लिहिलेल्या अंकाच्या आधी लावायची, नंतर नाही. इथे गोंधळ झाला तर तिसऱ्या घरापासून सगळंच बिघडतं.

यात काम निम्म्यावर आणायची सोय आहे. पहिले नऊ अंक १०५२६३१५७ आले की पुढचं गणित सोडून द्या. प्रत्येक अंक ९ मधून वजा करून त्याच क्रमाने लिहा: १ चा ८, ० चा ९, ५ चा ४, २ चा ७, ६ चा ३, ३ चा ६, १ चा ८, ५ चा ४, ७ चा २. झाले ८९४७३६८४२. कारण ही संख्या म्हणजे ९९९९९९९९९ × १०५२६३१५८. नऊ नवांनी गुणणं म्हणजे संख्येपुढे नऊ शून्यं देऊन तीच संख्या एकदा वजा करणं, आणि त्या वजाबाकीत डावा भाग एकाने कमी होतो, उजवा भाग त्याचा नवांतला पूरक होतो.

पडताळा

तीन तपासण्या आहेत आणि प्रत्येकीत वेगळी चूक सापडते.

अंकांची हजेरी: ० आणि ९ एकेकदा, १ ते ८ प्रत्येकी दोनदा. बेरीज ८१. एखादा अंक सुटला किंवा चुकीचा पडला तर इथेच कळतं. शेजारचे दोन अंक उलटे पडले असतील तर मात्र ही तपासणी काहीच बोलत नाही.

त्यासाठी तीन-तीनचे गट पाडा: १०५, २६३, १५७, ८९४, ७३६, ८४२. यांची बेरीज २९९७ यायला हवी, म्हणजे ९९९ ची तिप्पट. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले असतील तर ही बेरीज नक्की बिघडते.

गटच पुढेमागे झाले असतील तर बेरीज तीच राहते. मग एक सोडून एक गट घ्या. १०५ + १५७ + ७३६ = ९९८, आणि २६३ + ८९४ + ८४२ = १९९९. फरक १००१. हा नुसता योगायोग नाही: १००१ म्हणजे ७ × ११ × १३, आणि आपल्या संख्येला या तिघांनीही पूर्ण भाग जातो. सगळे अवयव हवे असतील तर: २ × ८१ × ७ × ११ × १३ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७. ही यादी वहीत एका कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटी लागेल.

हे का चालतं

शेवटचा २ बाजूला काढल्यावर उरणाऱ्या संख्येला क म्हणू. मूळ संख्या १०क + २. समजा क ला सतरा अंक आहेत. मग २ पुढे नेल्यावर होते दोनावर सतरा शून्यं, अधिक क. ही दुप्पट असायला हवी, म्हणजे २०क + ४ बरोबर तेवढी. सोडवलं की १९क = १९९९९९९९९९९९९९९९९६. भाग पूर्ण जातो आणि क = १०५२६३१५७८९४७३६८४.

सतराच अंक का? कारण दहाच्या घातांना १९ ने भागून उरणाऱ्या बाक्या ओळीने १०, ५, १२, ६, ३, ११, १५, १७, १८, ९, १४, ७, १३, १६, ८, ४, २, १ अशा येतात. आपल्याला बाकी २ हवी, आणि ती पहिल्यांदा सतराव्या घाताला येते. ही रांग नीट पाहा. सम बाकी आली की पुढची तिच्या निम्मी. विषम आली की तिच्यात १९ मिळवून निम्मी. २ × १० = २०, आणि २० हे १९ पेक्षा फक्त एकाने मोठं, म्हणून १९ च्या हिशेबात दहाने गुणणं आणि दोनाने भागणं एकच. वर दुप्पट-निम्म्याचा सगळा खेळ जमला तो यामुळे. वैदिक गणिताच्या वर्गात 'एकाधिकेन पूर्वेण' म्हणून १/१९ चा दशांश काढायला शिकवतात, तीच ही युक्ती: १९ मधल्या १ पेक्षा एक जास्त, म्हणजे २, आणि त्याने गुणत जायचं.

आपली संख्या २/१९ चा आवर्ती भाग आहे. बाकीचे १/१९ पासून १८/१९ पर्यंतचे सगळे याच अठरा अंकांच्या फेऱ्यातून निघतात, फक्त सुरुवात वेगळ्या जागी. प्रत्येक मूळ (अविभाज्य) संख्येला हे जमत नाही. १३ घेतलात तर ०७६९२३ आणि १५३८४६ असे दोन वेगळे फेरे पडतात.

गुणाकार न करता उत्तर लिहिणे

जाड कागदाची २० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एक-एक सेंटिमीटरवर अठरा अंक लिहा, उरलेल्या दोन सेंटिमीटरला गोंद लावून पट्टीची टोकं जोडा. अंक बाहेरच्या बाजूला राहतील अशी बांगडी करा. आता समोरच्याला १ ते ९ मधला कोणताही गुणक सांगायला सांगा.

उत्तराचे पहिले दोन अंक असे: आधी गुणक, मग त्याचं निम्मं (अपूर्णांक सोडून). गुणक ७ असेल तर ७ आणि ३. बांगडीवर ७३ शोधा आणि तिथून एक फेरी वाचा: ७३६८४२१०५२६३१५७८९४. गुणक ४ असेल तर ४२ पासून: ४२१०५२६३१५७८९४७३६८. एकाला १०, नवाला ९४. फेऱ्यात लागोपाठच्या दोन अंकांची प्रत्येक जोडी एकदाच येते, त्यामुळे जागा चुकायला वाव नाही.

वाव आहे तो घाईत. ७ बांगडीवर दोनदा आहे. ७३ ऐवजी ७८ पासून वाचलंत तर ७८९४७३६८४२१०५२६३१५ येतं. शेवटी ५. सम संख्येची कुठलीही पट विषम असणार नाही, म्हणून शेवटचा अंक विषम दिसला की चुकीच्या जागेवरून सुरुवात झाली असं समजा. या नऊ गुणकांत ही एक खूण पुरते.

१० ते १८ साठी थोडं जास्त काम आहे. गुणकातून १० वजा करा, तो पहिला अंक. त्याचं निम्मं करून ५ मिळवा, तो दुसरा. १३ साठी ३ आणि १ + ५ = ६, म्हणून ३६ पासून फेरी वाचा: ३६८४२१०५२६३१५७८९४७. याच्या आधी १ लावा आणि शेवटून १ वजा करा: १३६८४२१०५२६३१५७८९४६. पुढे १ लावायची आठवण राहते, शेवटचा १ वजा करायचं राहून जातं. इथेही उत्तर विषम दिसलं तर तेच झालंय.

१९ ने गुणलंत तर सगळा फेरा मोडतो: १९९९९९९९९९९९९९९९९९८.

अठरा बाय अठराचा चौरस

१/१९ ते १८/१९ यांचे आवर्ती भाग एकाखाली एक लिहा. ओळींची सुरुवात क्रमाने ०५, १०, १५, २१, २६, ३१, ३६, ४२, ४७, ५२, ५७, ६३, ६८, ७३, ७८, ८४, ८९, ९४. प्रत्येक ओळीची बेरीज ८१. प्रत्येक स्तंभाचीही ८१, कारण स्तंभात फेऱ्यातला प्रत्येक अंक एकेकदा येतो. इथवर नवल नाही, पूर्ण फेरा देणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येला एवढं जमतं. कर्ण जुळणं दुर्मीळ, आणि इथे ते जुळतात. वरच्या डाव्या कोपऱ्यातून उतरत आलात तर ०, ०, ७, ५, ५, ९, ०, ३, ०, ४, २, ८, ७, ५, ६, ७, ५, ८ हे अंक लागतात; बेरीज ८१. दुसऱ्या कर्णाचे अंक यांचे नवांतले पूरक, म्हणून १६२ − ८१ = ८१. अंक पुन्हा पुन्हा येत असल्याने काटेकोर अर्थाने याला जादूचा चौरस म्हणता येणार नाही, पण बेरजा सगळ्या जुळतात. कर्ण ८१ नाही आला तर एखादी ओळ एक घर सरकली आहे. सरकलेल्या ओळीची स्वतःची बेरीज बरोबरच राहते, म्हणून ओळींच्या बेरजेवर विसंबू नका.

यंत्रावर करताना

बहुतेक दुकानी कॅल्क्युलेटरवर बारा आकडे मावतात, तिथे प्रयत्नच करू नका. एक्सेलमध्ये संख्या पंधरा आकड्यांपर्यंतच खरी राहते. आपली संख्या टाकलीत की शेवटचे तीन अंक जाऊन १०५२६३१५७८९४७३६००० उरतं आणि एक्सेल काही तक्रारही करत नाही. सेल आधी टेक्स्ट करून घेतला तर अंक टिकतात, पण मग गुणाकार होत नाही. पायथॉनमधले पूर्णांक कितीही मोठे चालतात, तिथे निर्धास्त करा. सी मध्ये ६४ बिटांच्या पूर्णांकात अठरापटीपर्यंत सगळं मावतं, वर्ग मात्र मावणार नाही. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे भरवशाचा नाही. तिथे बिगइंट वापरा.

दुसरे गुणक

सवय व्हावी म्हणून ४ ने सुरू करा. उजवीकडे ४ लिहा आणि दर वेळी चौपट: ४ चोक १६, ६ लिहा, हातचा १, मग २५, २२, १०, १. सहा अंकांत फेरा संपतो: १०२५६४, आणि त्याची चौपट ४१०२५६. इथे हातचा २ पर्यंत जातो. ८ ने सुरू करून आठपट करत गेलात तर तेरा अंक: १०१२६५८२२७८४८. ३ ला अठ्ठावीस लागतात: १०३४४८२७५८६२०६८९६५५१७२४१३७९३. ५ चं वेगळं आहे; ५ ने सुरुवात केलीत तर बेचाळीस अंक, पण ७ लिहून पाचपट करत गेलात तर सहाच, आणि ते असतात १४२८५७. सहाच्या वाट्याला अठ्ठावन्न अंक आहेत, त्याला वही आडवी धरा.

सातपटीचा वर्ग

वर काढलेली सातपट, ७३६८४२१०५२६३१५७८९४, ही कापरेकर संख्या आहे. डहाणूला १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात: वर्ग करा, त्याचे दोन भाग पाडा, भागांची बेरीज मूळ संख्या. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.

छत्तीस अंकी वर्ग सरळ गुणून काढायला बसू नका. सातपटीतून १ वजा करा: ७३६८४२१०५२६३१५७८९३. याला १९ ने भागा, भाग पूर्ण जातो: ३८७८११६३४३४९०३०४७. याला १४ ने गुणा: ५४२९३६२८८०८८६४२६५८. हा वर्गाचा डावा भाग. तो सातपटीतून वजा केला की उजवा भाग: १९३९०५८१७१७४५१५२३६. दोन्ही जोडून वर्ग झाला ५४२९३६२८८०८८६४२६५८१९३९०५८१७१७४५१५२३६. शेवट तपासायला ८९४ चा वर्ग करा, ७९९२३६. शेवटचे २३६ जुळतात. सुरुवातीला ०.७३६८४ चा वर्ग ०.५४२९३ च्या आसपास, तेही जुळतं.

कोपऱ्यातली अवयवांची यादी इथे लागते. अठरा नवांच्या संख्येचे जेवढे अवयव आहेत त्यातला एकटा १९ आपल्या संख्येत नाही. सातपटीतून १ वजा केल्यावर तो १९ मिळतो. म्हणून सातपट आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांच्या गुणाकाराला अठरा नवांनी पूर्ण भाग जातो, आणि वर्गाचे अठरा-अठरा अंकी दोन भाग मिळवले की सातपट परत येते. एक ते नऊ पटींत हे फक्त सातालाच जमतं. आपल्या संख्येला १९ ने भागल्यावर बाकी ११ उरते, आणि ११ ला ज्याने गुणल्यावर १९ च्या हिशेबात १ उरतो असा गुणक सातच: ७७ म्हणजे चार वेळा १९ आणि वर १.